माळकऱ्यांसाठी सामिष मार्गदर्शन

ज्यांच्या गळ्यात तुळशीची माळ पडली आहे, पण नाकातून मटणाच्या रश्श्याचा वास गेलेला नाही, त्यांच्याचसाठी हे मार्गदर्शन आहे. श्रावणापुरते शाकाहारी होणाऱ्यांनी ते वाचू नये. त्यांना पर्याय लागत नाही, कॅलेंडर लागतं.

बागलाण तालुक्यातल्या सटाण्यात या जातकुळीचा अस्सल नमुना म्हणजे आमचे जिभाऊ. आषाढीला पंढरपुरी गेले, माळ घालून आले. आल्या आल्या त्यांनी मटणाचं पातेलं घराबाहेर काढलं आणि आठवडा उलटायच्या आत वहिनींना म्हणाले, "तसलंच काहीतरी कर ना." हे 'तसलंच' म्हणजे काय, याचा शास्त्रशुद्ध विचार पुढे केला आहे.

कलम पहिलं: आपल्याला नेमकं काय आठवतंय ते ठरवा. बागलाणातल्या माणसाला सहसा बोकड आठवत नसतो, काळा मसाला आठवत असतो. कांदा विस्तवावर काळा पडेस्तोवर भाजा. सुकं खोबरं भाजा. लसूण, धणे, दगडफूल घालून बारीक वाटा, हात न आखडता तेल घाला आणि ते कडेने सुटेपर्यंत वाटण परतत राहा. मग पाणी, तेही उकळतं. गार पाणी ओतलंत तर तर्री धड येत नाही, आणि तर्रीच नसेल तर माळेवरची श्रद्धा डळमळते. एवढं साधलं की त्यात काय सोडता याला फारसा अर्थ उरत नाही. बेसन शिजवून, ताटात थापून, वड्या कापून सोडा: पाटोडी. घट्टसर पीठ बोटांनी उकळत्या रश्श्यात सोडा: डुबुकवडे. तेवढाही वेळ नसेल तर शेव, पण ताटावर बसल्यावर. आधी टाकलीत तर पिठलं खावं लागेल.

याच तालुक्यातल्या मांगीतुंगीला येणारे कित्येक जैन यात्रेकरू कांदाही खात नाहीत. कांद्यावर जगणाऱ्या मुलखात येऊन हे पाळायचं म्हणजे थोर गोष्ट. त्यांना आमचा दंडवत. हे कलम त्यांच्या कामाचं नाही.

कलम दुसरं: सोयाबीनच्या वड्या. तेल काढून घेतल्यावर सोयाबीनचं जे पीठ उरतं, त्याच्या या वड्या. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत साधारण 50 ग्रॅम प्रथिनं असतात. बेसनात त्याच्या निम्मीही नाहीत. एवढं पुण्य असूनही त्या बदनाम का? कारण त्या कोणी पिळत नाही. मिठाच्या पाण्यात उकळा, गार पाण्यात टाका, घट्ट पिळा, पुन्हा पाण्यात टाका, पुन्हा पिळा. उग्र वास निघून गेला की तेलावर लाल परता आणि मगच रश्श्यात सोडा. न पिळलेली वडी रस्सा पीत नाही, ती आधीच पाणी पिऊन बसलेली असते.

कलम तिसरं: नळी. चावण्याची सोय झाली, चोखण्याचं काय? शेवग्याची शेंग. जिभाऊ ती डोळे मिटून ओढतात. त्या वेळी त्यांच्याशी बोलू नये.

कलम चौथं: फणस. कोकणात राहत असाल तर बघा.

कलम पाचवं: विकतचं नकली मटण. चीनमधल्या बौद्ध मठांत ही विद्या फार जुनी. कणीक पाण्याखाली धूत राहिलं की पीठ वाहून जातं आणि चिवट गोळा उरतो. त्याचं तिथे बदकसुद्धा होतं. आपल्याकडे रितेश आणि जेनेलिया देशमुखांनी 2021मध्ये वनस्पतीजन्य मांसाची कंपनी काढली. जिभाऊंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मटण सोडलं, आता त्याचं सोंग कशाला खायचं?" मग हळूच भाव विचारला.

कलम सहावं: देव मामलेदारांनी 1870-71च्या दुष्काळात सरकारी खजिना रयतेसाठी उघडला, ते हे सटाणा. इथला यजमान माळकऱ्यालाही "फोडी नको, नुसता रस्सा घ्या" असा आग्रह करतो. नाही म्हणायचं.

कलम सातवं: बी-बारा जीवनसत्त्व डाळींत नसतं. दूध-दही सोडू नका, अधूनमधून रक्त तपासा.

इथवर सगळं शास्त्र झालं. पण माळ घातली जिभाऊंनी आणि पिळवणूक झाली वहिनींची. पूर्वी एक पातेलं चढवलं की रविवार उरकायचा; आता पाटोड्या थापा, सोयाबीन पिळा, शेंगा सोला, वर "मागच्या वेळसारखं झालं नाही" हे ऐका. वहिनींनी तर माळ घातलेलीच नाही. त्या नामपूरला माहेरी जातात तेव्हा कोंबडी खाऊन येतात. जिभाऊंना ते ठाऊक आहे, पण ते कधी विचारत नाहीत. उलट स्टँडवर सोडायला स्वतः जातात. माणूस चांगला आहे, म्हणून तर एवढं लिहिलं.

तेव्हा नव्या माळकऱ्यांना विनंती, की सोयाबीन स्वतः पिळावं. आणि शेव आणायला गेलात तर दुकानदाराला "भाजीची, जाड" असं ठणकावून सांगा. बारीक शेवेचा रश्श्यात गाळ होतो.