सरेहून पत्र : गाडीच्या विम्याची हकीकत

ती. बाबांस,

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात गाडीचा सक्तीचा विमा एकच संस्था विकते, आणि ती सरकारी आहे. डेव्ह बॅरेट यांच्या सरकारने १९७३ साली काढलेल्या या संस्थेचे नाव आयसीबीसी. वरचे ऐच्छिक संरक्षण खासगी कंपनीकडून घेता येते, मूळ विमा हिच्याकडूनच. "दुसरीकडे बघतो" हे मराठी गिऱ्हाइकाचे शस्त्र त्यामुळे म्यानातच राहते.

२०१७-१८ मध्ये संस्थेला १.३ अब्ज डॉलरचा तोटा झाला. दुखापतींचे दावे आणि त्यांचे कोर्टकज्जे फुगले होते. तेव्हाचे अॅटर्नी जनरल डेव्हिड ईबी यांनी या कारभाराला पेटलेल्या कचराकुंडीची उपमा दिली. पुढे तेच प्रांताचे प्रीमियर झाले.

घराघरांत खरी खळबळ उडवली ती १ सप्टेंबर २०१९ च्या बदलाने. तोवर भाच्याने गाडी ठोकली तरी डाग मामाच्या पॉलिसीवर पडे. भारतात 'नो क्लेम बोनस' आजही मालकाचाच, आणि थर्ड पार्टीचा दर इंजिनाच्या सीसीवर. चालवणार कोण, हे कोणी विचारत नाही. इथे आता तेच आधी विचारतात. चालकांची नावे नोंदवावी लागतात. हप्ता ठरवताना मुख्य चालकाच्या इतिहासाला ७५ टक्के वजन, आणि बाकीच्यांतल्या सर्वांत जोखमीच्या चालकाला २५ टक्के. अनुभवाच्या वर्षांगणिक, चाळीस वर्षांपर्यंत, दर उतरतो. स्वतःच्या चुकीने झालेला अपघात तो चढवतो.

घरातला सर्वांत बेभरवशाचा चालक कोण, हे त्यामुळे ब्रोकरच्या टेबलावर छापून मिळते. प्रस्तुत कुटुंबात तो मान, मागे नवशिक्याचा हिरवा 'एन' चिकटवून फिरणाऱ्या चिरंजिवांचा. मुख्य चालक सूनबाई, कुटुंबप्रमुख 'इतर'मध्ये. धोका दिसताच आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाडीला सवलत आहे. शेजारच्या सीटवरून तोंडी ब्रेक लावणाऱ्या आईच्या सेवेची मात्र कुठेही दखल नाही.

१ मे २०२१ पासून खटलेच बहुतांशी बंद झाले. दोष कोणाचाही असो, जखमीचे उपचार आणि बुडालेली कमाई आता विम्यातूनच मिळते. दारू पिऊन गाडी चालवण्यासारखे गुन्हे सोडले, तर समोरच्यावर दावा लावता येत नाही. वकिलांचा खर्च वाचून हप्ते सरासरी सुमारे २० टक्क्यांनी उतरले. कायमचे अपंगत्व आलेल्याचा कोर्टाचा हक्क गेला, ही टीका मात्र पोकळ नाही. चूक कोणाची, हे तरीही ठरवतातच. पुढच्या हप्त्याला ते लागते.

उरला नोंदीबाहेरच्या चालकाचा प्रश्न. त्याने गाडी ठोकली, तर मालकाला वेगळा भुर्दंड पडू शकतो. त्यावरचे संरक्षण अर्थातच विकत मिळते, आणि सुट्टीत येणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हाती किल्ली देण्याआधी ते घेतलेले बरे. पुण्यात चाळीस वर्षे गाडी चालवल्याचा तोंडी दाखला इथे चालत नाही.