सगळं तपासलं, वाचन सोडून

इंग्रजी साहित्यात पीएचडी करायची आहे? आधी टक्के मोजा. एमएला ५५ हवेत. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सवलत. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवली असेल, तर एमए न करताही दार उघडं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीत हे सगळं स्वच्छ लिहिलं आहे. टक्के आहेत, क्रेडिट आहेत, मुदती आहेत, समित्या आहेत. उमेदवारानं आजवर काय वाचलं, हे विचारणारी एक ओळ नाही.

नियमावली सगळ्या विषयांना एकच, हे मान्य. पण तिच्यात आपल्या विषयापुरती भर घालायला विद्यापीठांचे हात कुणी बांधलेत?

साहित्याच्या पीएचडीत वाचनच तपासायचं नसेल, तर मग तपासायचं काय?

प्रवेशपरीक्षा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. जून २०२४पासून ‘नेट’चे गुण पीएचडीच्या प्रवेशालाही धरतात. लेखीला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. तीन तास, दीडशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. लेखक आणि पुस्तकांच्या जोड्या लावा, कादंबऱ्या प्रकाशनाच्या क्रमानं मांडा. ‘मिडलमार्च’ जॉर्ज एलियटची, एवढं ठाऊक असलं की काम झालं. ती जाडजूड कादंबरी कधी उघडलीच नसेल, तरी गुण तेवढेच.

जो उघडतो, त्याचं नुकसान. त्याचा महिना कादंबरीत जातो आणि तेवढ्या वेळात नोट्स पाठ करणारा यादीत वर जातो.

पूर्वी एमए आणि पीएचडीच्या मध्ये एमफिल होतं. छोटा प्रबंध, थोडी दमछाक, चुकायला आणि सुधारायला जागा. २०२२मध्ये ते बंद झालं. शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्याचा हात प्रयोगशाळेत बसतो. साहित्याच्या विद्यार्थ्याचा हात बसतो तो वाचनात घालवलेल्या वर्षांमुळे. नेमकी तीच वर्षं छाटली.

आता गाईड शोधा. प्रोफेसरकडे एका वेळी आठ विद्यार्थी, असोसिएट प्रोफेसरकडे सहा, असिस्टंट प्रोफेसरकडे चार, ही कमाल मर्यादा. विद्यार्थी आधी विचारतो, ‘सर, जागा आहे का?’ सरांचा अभ्यास कशावर आहे, हे नंतर कळतं. मिल्टनवर आयुष्य घालवलेल्या माणसाकडे ग्राफिक कादंबरीचा विषय येतो आणि कॉमिक्समध्ये रमलेली मुलगी सतराव्या शतकाकडे वळवली जाते. दोघंही निमूट मान्य करतात, कारण जागा तिथेच रिकामी असते.

मग सिनॉप्सिस, मग विषयाला मान्यता देणाऱ्या समितीची, म्हणजे आरआरसीची बैठक. एकेका उमेदवाराला मिळतात मोजकी मिनिटं आणि त्यातली बरीचशी शीर्षकावर जातात. ‘स्टडी’ की ‘क्रिटिकल स्टडी’? ‘सिलेक्ट नॉव्हेल्स’ की ‘सिलेक्टेड’? शब्द बदलतो, विषय मंजूर होतो. या कादंबऱ्यांबद्दल आधी कुणी काय लिहिलंय आणि तू नवं काय सांगणार आहेस, हा प्रश्न वेळेअभावी राहून जातो.

राहून गेलेला तोच प्रश्न म्हणजे पीएचडी.

पुढे कोर्सवर्क. किमान १२ क्रेडिट, आणि त्यात ५५ टक्के मिळवायलाच हवेत. संशोधन आणि प्रकाशनाची नीतिमत्ता हा अभ्यासक्रम सक्तीचा, आणि तो असायलाच हवा. पण संशोधनपद्धतीचे तास बऱ्याच ठिकाणी सगळ्या शाखांना एकत्र होतात. काव्यावर काम करणारा विद्यार्थी नमुना निवड, प्रश्नावली आणि काय-स्क्वेअर चाचणी शिकतो. एकाच नाटकाच्या दोन जुन्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाठभेद कसे बघायचे, हे त्याला कुणी शिकवत नाही. जे लागणार नाही त्याचे गुण, जे लागणार आहे त्याचा तास नाही.

किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. ही सवलत योग्यच आहे. पण या वर्षांत जगायचं कशावर? ‘नेट’मधून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७ हजार. ज्यांना ती मिळत नाही ते तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवतात, एसटीत पेपर तपासतात आणि रात्री प्रबंध उघडतात. सहामाही प्रगती अहवालात प्रगती लिहायला रकाना आहे. थकव्याला नाही.

म्हणून चीड विद्यार्थ्यावर काढू नका. तो नियमांनी आखलेल्या वाटेनंच चालतोय.

आता शोधनिबंध बघा. २०१६च्या नियमांत प्रबंध देण्याआधी एक निबंध छापणं आणि परिषदांत दोन निबंध वाचणं सक्तीचं होतं. मागणी आली, दुकानं निघाली. पैसे भरा आणि महिन्याभरात छापून घ्या. मे २०१८मध्ये आयोगानं स्वतःच मान्यता दिलेल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. मग पुणे विद्यापीठातल्या केंद्राच्या मदतीनं ‘केअर’ यादी आली. २०२२च्या नियमांत छापण्याची सक्ती गेली, २०२५मध्ये ‘केअर’ यादीचीही गरज संपली. याद्या आल्या आणि गेल्या. निबंध वाचून बघावा, हा सोपा उपाय मात्र कुणाच्या यादीत आला नाही.

वाङ्‌मयचौर्याची मोजदाद तर आणखी काटेकोर. २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्या. चाळीस ते साठला वर्षभर थांबा. साठच्या वर नोंदणीच रद्द. सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगानं जुळलेले सलग चौदा शब्दही मोजणीतून वगळायची सोय आहे. चोरी थांबवायला काही तरी हवंच होतं, त्यामुळे नियम चुकीचा म्हणता येणार नाही. पण संगणक शब्द पकडतो. दुसऱ्याचा विचार उचलून आपल्या शब्दांत मांडला, तर अहवाल स्वच्छ येतो.

तो पकडायला पुस्तकं वाचलेला माणूसच लागतो.

आणि हाती येतं काय? ‘शोधगंगा’वर जा. देशभरातले प्रबंध तिथे सर्वांना मोफत खुले आहेत. इंग्रजीचे कुठलेही पाच उघडा. उत्तम कामं आहेत; मन लावून शोधली तर सापडतात. पण एक साचा पुन्हापुन्हा दिसेल. पहिल्या प्रकरणात लेखिकेचं चरित्र, मग स्त्रीवादाचा इतिहास. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत एकेक कादंबरी आणि तिचं कथानक. शेवटी निष्कर्ष. गृहीतक असतं, या कादंबऱ्यांत स्त्रीच्या घुसमटीचं चित्रण आहे. निष्कर्ष निघतो, या कादंबऱ्यांत स्त्रीच्या घुसमटीचं चित्रण आहे. मधल्या अडीचशे पानांत काहीही घडलेलं नसतं.

वाक्य कसं रचलंय, निवेदक कुठे खोटं बोलतोय, एखादं पात्र ऐन वेळी गप्प का बसतं? कादंबरी वाचणारा कुणीही हे विचारतो. प्रबंध विचारत नाही.

शेवटी व्हायव्हा. बाहेरच्या किमान दोन परीक्षकांनी प्रबंध तपासायचा आणि मग खुली मौखिक परीक्षा घ्यायची, असा नियम. खोलीत टेबलावर प्रबंधाच्या काळ्या बांधणीच्या प्रती, त्यावर सोनेरी अक्षरं. मागच्या रांगेत आईवडील, नवरा, सहकारी आणि कोपऱ्यात पुष्पगुच्छ. प्रश्न ठरलेले. हा विषय का निवडलात? निष्कर्ष काय? समाजाला उपयोग काय? तासाभरात टाळ्या आणि पेढे. सहा वर्षांचं काम आणि एकाही पानावर बोट ठेवून ‘हे असं का लिहिलंत?’ असं कुणी विचारलं नाही, तर तो उमेदवाराचा सन्मान कसला? तो त्याचा अपमान आहे.

पाहुणचाराचा खर्च अनेकदा उमेदवारच करतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणाला गैर वाटत नाही.

बाहेर काय चालतं? अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत इंग्रजीचा प्रबंध लिहायला घेण्याआधी वाचनाची परीक्षा असते. पुस्तकांची लांबलचक यादी ठरते, विद्यार्थी महिनोन्‌महिने वाचतो आणि मग चारपाच प्राध्यापक समोर बसवून त्याला खोदून विचारतात. त्याशिवाय आणखी एक, कुठे दोन भाषा वाचता याव्या लागतात. केंब्रिजमध्ये इंग्रजीच्या प्रबंधाला ८० हजार शब्दांची कमाल मर्यादा आहे. आपल्याकडे जाडी दाखवायची, तिकडे जाडी आवरायची.

तिकडचं सगळं उचलून आणा, असं म्हणणं नाही. त्यांच्याकडेही पदवी घेऊन नोकरीसाठी दारोदार फिरणारे आहेत. पण वाचल्याशिवाय लिहू न देणं, ही गोष्ट उचलण्याजोगी आहे. तिला पैसा लागत नाही.

दुसऱ्या भाषेच्या बाबतीत तर आपण श्रीमंत आहोत. महाराष्ट्रातला इंग्रजीचा बहुतेक विद्यार्थी किमान दोन भाषांत वाढलेला असतो. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं. आगरकरांनी १८८३मध्ये ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं. शेक्सपिअर मराठीत येताना काय टिकलं, काय बदललं, काय गळलं, यावर अजून कितीतरी काम पडून आहे. पुण्यामुंबईच्या ग्रंथालयांत साहित्य आहे आणि त्यासाठी व्हिसा लागत नाही. तरी विद्यार्थी कॅनडातल्या स्थलांतरितांच्या कादंबऱ्या घेतो, कारण मराठीला हात लावला तर प्रबंध इंग्रजीचा राहत नाही, असं त्याला बजावलेलं असतं.

कुणी बजावलं? विलास सारंग यांनी मुंबई आणि अमेरिकेतलं इंडियाना अशा दोन विद्यापीठांतून डॉक्टरेट केली आणि दोन्ही भाषांत लिहिलं. भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक. इंग्रजीचा मराठीवर काय परिणाम झाला, याचा त्यांनी अभ्यास केला. गणेश देवी इंग्रजी शिकवता शिकवता भारतीय भाषांच्या समीक्षेकडे वळले आणि ‘आफ्टर अॅम्नेशिया’ लिहून गेले. इंग्रजी विभागांनी ज्यांची नावं अभिमानानं घ्यावीत, त्यांनी हीच वाट धरली होती.

जुलै २०२३पासून असिस्टंट प्रोफेसर होण्यासाठी पीएचडी सक्तीची नाही; नेट किंवा सेट पुरे. निर्णय चांगला आहे. नोकरीच हवी असलेल्यानं प्रबंधाच्या वाटेला जाऊ नये. पण असोसिएट प्रोफेसरच्या बढतीला पीएचडी लागतेच. दारातली रांग उठली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली.

मग करायचं काय? तीन अटी घाला.

पहिली, नोंदणी कायम करण्याआधी साठ-सत्तर पुस्तकांची यादी आणि दोन तासांची तोंडी परीक्षा. नापास झाला तर सहा महिने आणखी वाचू द्या. त्याच्या आयुष्यातले सर्वांत उपयोगी सहा महिने ते असतील.

दुसरी, इंग्रजीखेरीज एका भाषेतल्या मूळ साहित्यावर किमान एक प्रकरण. मराठी, कोकणी, उर्दू, कन्नड, जी येत असेल ती. असं प्रकरण तयार लिहून विकत मिळणं अवघड. त्यासाठी स्वतःच बसावं लागेल.

तिसरी सर्वांत सोपी. ‘शोधगंगा’वर प्रबंध चढतो, तसे परीक्षकांचे अहवालही त्याच्या शेजारी नावानिशी चढवा. कुणी काय वाचलं, काय विचारलं, कशाच्या जोरावर पदवीची शिफारस केली, हे सगळ्यांना दिसू द्या. दीड पानाचे गुळगुळीत अहवाल एका वर्षात बंद होतील. परीक्षक प्रबंध वाचायला लागले की मार्गदर्शक वाचतील आणि मार्गदर्शक वाचायला लागले की विद्यार्थ्याला वाचावंच लागेल. याला नवी इमारत नको, नवं अनुदान नको, संगणकावर एक फाईल जास्त चढवायची आहे.

प्रबंध खरोखर वाचून ज्यानं सही केली आहे, त्याला याची हरकत असायचं काही कारण नाही. ज्याची हरकत असेल, त्याला परीक्षक नेमू नका.