बिनचौकशीचे वैद्यक

परीक्षेत मिळविलेल्या गुणांविषयी महाराष्ट्रीय मध्यमवर्गाच्या अंतःकरणात जी भक्ती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे ती ध्यानात घेता, कृत्रिम बुद्धिमत्तेने आपल्या घरात वैद्य म्हणून जो गृहप्रवेश केला त्याला माप ओलांडण्यापुरताही विलंब लागला नाही, यात नवल वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतील डॉक्टरांच्या परवाना-परीक्षेच्या धर्तीवर काढलेल्या प्रश्नांत गूगल कंपनीच्या ‘मेड-पाम २’ या प्रणालीने २०२३ साली ८६.५ टक्के गुण मिळविले, ही वार्ता कानी आली तेव्हाच या स्थळाची निम्मी चौकशी संपली होती. आणि यंत्र कधी चिडत नाही, रात्री दोन वाजताही दार उघडते व फीचे नाव काढत नाही, एवढे कळताच उरलेली निम्मीही, म्हणजे स्वभावाची, आपोआप निकालात निघाली.

ज्यांच्याकडे आपण वर्षानुवर्षे जातो त्या डॉक्टरांची रीत याच्या अगदी उलट. खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच ते आपल्यालाच उलटतपासणीस उभे करतात: झोप लागते का, पोट साफ असते का, दुसऱ्या कोणाचे औषध चालू आहे काय, आणि आवाज थोडा खाली आणून, “बाहेरचं काही घेता का?” दुखणे आपले, पैसे आपले, आणि जबानीही आपणच द्यायची, हा न्याय स्वाभिमानी माणसास रुचणे कठीणच. यंत्रापाशी हा जाच नाही. आपण विचारावे आणि त्याने मुद्देसूद उत्तर द्यावे, असा तो रोखठोक व्यवहार असतो. आपण कोण, काय खातो, आणि हा प्रश्न आपल्याला आजच का पडला, या खासगी बाबींत डोके घालण्याचा असभ्यपणा त्याच्या हातून सहसा घडत नाही. अलीकडची काही यंत्रे असा एखादा प्रश्न विचारतातही, नाही असे नाही, परंतु तो उत्तराच्या अगदी शेवटी, पाहुणा उंबरठा ओलांडून गेल्यावर “चहा घेतला असतात ना?” म्हणावे तशा बेताने.

आता याच काळात ज्या दुसऱ्या वस्तूने तरुण पिढीच्या स्वयंपाकघरात बस्तान बसविले आहे तिचे, म्हणजे क्रिएटिन नामक पांढऱ्या चूर्णाचे, दप्तर उघडून पाहू. या पदार्थाचा शोध शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांसाच्या अर्कात १८३२ साली लावला; आपले शरीर तो स्वतःही थोडाफार तयार करते आणि त्यातील बहुतांश स्नायूंत साठवून ठेवते, कारण एकदम जोर लावण्याच्या पहिल्या काही क्षणांत खर्च झालेली शक्ती भरून काढण्यास तो उपयोगी पडतो. १९९२ साली रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चूर्ण पोटात घेतल्याने स्नायूंतील साठा खरोखरच वाढतो असे दाखवून दिले, आणि तेव्हापासून या बिचाऱ्या चूर्णाची जी चौकशी सुरू झाली ती अद्याप संपलेली नाही. निम्म्या खेळाडूंना खरे चूर्ण द्यावे, निम्म्यांना तसेच दिसणारे निरुपद्रवी पीठ द्यावे, कोणाच्या पेल्यात काय आहे हे पिणाऱ्यालाही ठाऊक नसावे आणि मोजणाऱ्यालाही नसावे, असा अविश्वासाचा कडेकोट बंदोबस्त करून शेकडो वेळा त्याची साक्ष काढण्यात आली. आंतरराष्ट्रीय क्रीडापोषण संस्थेने २०१७ साली आपला अभिप्राय नोंदविला तो असा की, तीव्र व्यायामाची क्षमता आणि स्नायूंचे वजन वाढविण्यासाठी आज उपलब्ध असलेल्या पूरक पदार्थांत हे सर्वांत परिणामकारक होय.

आमच्या जुन्या तालमींतील वस्तादांनी थंडाई, बदाम आणि तुपाच्या खुराकाला असली साक्ष कधी मागितली नव्हती, हे कबूल. पण पठ्ठ्या पहाटे हौद्यात उतरल्यापासून त्याचा दम, त्याची भूक आणि त्याची झोप यांच्यावर वस्तादांची नजर असे, आणि खुराक मानवत नाही असे दिसताच तो त्या दिवशीच बदलला जाई. प्रयोगशाळा नव्हती, पाळत मात्र होती.

इतक्या पुराव्यानिशी शाबीत झालेल्या चूर्णाचा बाजारात जयजयकार व्हावयास हवा होता. परंतु या पुराव्यात एक असाध्य दोष निघाला: तो बेताचा निघाला. चूर्ण घेऊन जो व्यायाम करतो त्याला जोर मारताना शेवटचे एकदोन जोर अधिक निघतात. पहिल्या काही दिवसांत किलो-दोन किलो वजन वाढते, पण त्यात बराचसा वाटा पाण्याचा. आणि जो सोफ्यावर बसून घेतो त्याच्या दंडांवर ते काडीचाही उपकार करीत नाही. शिवाय हे सर्व सिद्ध झाले ते सर्वांत साध्या आणि सर्वांत स्वस्त प्रकाराविषयी, दिवसाला तीन ते पाच ग्रॅम या हिशेबाने. एवढ्याशा भांडवलावर जाहिरात कशी उभी राहणार? म्हणून मग त्याच चूर्णाला नवी रासायनिक उपाधी, निळा रंग, टरबुजाचा स्वाद आणि डब्यावर फुगलेल्या शिरांचा एक पुरुष असा लवाजमा देण्यात आला, आणि हे नवे अवतार साध्या चूर्णाहून सरस आहेत असे दाखविण्याच्या फंदात मात्र कोणी फारसे पडले नाही. पुरावा एकाचा आणि किंमत दुसऱ्याची, अशी ही मखलाशी. शेजारच्या फळीवरील प्रथिनचूर्णांची गोष्ट तर याहून रसाळ आहे: केरळातील डॉक्टरांच्या एका गटाने भारतीय बाजारातील ३६ डबे विकत आणून तपासले आणि २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांचा आकडा आणि आतील माल यांची रुजवात पटली नाही, १४ टक्क्यांत बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष आढळले आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. डब्यावरचा पुरुष तेवढा पूर्वीसारखाच हसत होता.

चूर्णाला जी उलटतपासणी भोगावी लागली तिची तुलना यंत्राच्या वाट्याला आलेल्या पाहुणचाराशी केली म्हणजे विधात्याच्या पक्षपाताविषयी शंका उरत नाही. आयबीएम कंपनीचे ‘वॉटसन’ हे यंत्र २०११ साली दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजुषा जिंकले, आणि जो प्रश्नमंजुषा जिंकतो तो कर्करोगावरही उपचार सुचवू शकेल असे ठरविण्यास विद्वानांना फारसा अवधी लागला नाही. ह्यूस्टनच्या एका विख्यात कर्करोग-केंद्राने त्यावर ६ कोटी २० लाख डॉलर खर्ची घातल्यानंतर ते काम बासनात बांधून ठेवल्याचे लेखापरीक्षणात उघड झाले. शिवाय त्याला शिकविताना खऱ्या रुग्णांपेक्षा डॉक्टरांनी रचलेल्या काल्पनिक रुग्णांवर भर दिला होता, आणि त्याचे काही सल्ले घातक होते, असे कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून २०१८ साली बाहेर आले. बंगळुरूच्या मणिपाल रुग्णालयाने ६३८ स्तनकर्करोगी रुग्णांच्या बाबतीत पाहणी केली तेव्हा यंत्राचे मत तज्ज्ञमंडळाच्या मताशी ९३ टक्के प्रसंगी जुळले. म्हणजे चूर्णाला आपण विचारतो की वजन उचलले गेले काय, आणि यंत्राला विचारतो की साहेबांच्या होला हो मिळविलास काय! ज्याने आयुष्यभर सरकारी कचेरीत नोकरी केली आहे त्याला या दुसऱ्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याचे रहस्य सांगावयास नको. रोगी अधिक दिवस जगले की कसे, हा प्रश्न त्या पाहणीत नव्हताच.

यंत्राची सचोटीने परीक्षा घेता येत नाही असे मुळीच नव्हे. स्वीडनमध्ये ८०,००० हून अधिक स्त्रियांच्या स्तनतपासणीची छायाचित्रे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन वाटण्यांत विभागून, एकीत यंत्राचे साहाय्य घेऊन आणि दुसरीत नेहमीच्या पद्धतीने दोन तज्ज्ञांकडून वाचून घेतली गेली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात यंत्राच्या बाजूस कर्करोग थोडे अधिकच सापडले आणि डॉक्टरांचे वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले. पण तिथे यंत्राला एकच चित्र, एकच प्रश्न आणि शेजारी एक डॉक्टर दिलेला होता. असल्या अरसिक वार्तेने कोणाच्या चहाच्या पेल्यात वादळ उठणार?

या दोन नव्या देवतांची गाठ परस्परांशी पडली म्हणजे काय घडते, याचा दाखला आमच्या शेजारीच मिळाला. शेजाऱ्यांच्या चोवीस वर्षांच्या चिरंजीवांनी सवलतीच्या दरात सर्वांगीण रक्ततपासणी करून घेतली आणि अहवालात क्रिएटिनिन १.५ व मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा आकडा ६६ असा लाल अक्षरांत छापून आला. ही क्षमता कोणी प्रत्यक्ष मोजलेली नसते. रक्तातील क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने ती काढतात, आणि स्नायूंतील क्रिएटिन झिजूनच क्रिएटिनिन बनत असल्याने, जो पीळदार आहे आणि वर चमचा भरभरून क्रिएटिन घेतो आहे त्याच्या क्रिएटिनिनचा आकडा मूत्रपिंडे ठणठणीत असतानाही वर चढू शकतो. चिरंजीवांनी आकडा यंत्रापुढे ठेवला. यंत्राने मूत्रपिंडविकाराच्या पायऱ्या, मीठ कमी करण्याचे महत्त्व, प्रथिनांचे पथ्य आणि तज्ज्ञाकडे जाण्याची निकड यांवर असे सुबोध प्रवचन केले की मातोश्रींनी त्याच रात्री आमटीतले मीठ कमी केले. वस्तुतः याच्या आदल्याच आठवड्यात त्याच चिरंजीवांनी त्याच यंत्राला क्रिएटिन सुरक्षित आहे काय असे विचारले होते, आणि निरोगी माणसास ते सुरक्षित असल्याचा पुरावा विपुल आहे, असे उत्तरही मिळाले होते. दोन्ही उत्तरे पुस्तकात पाहून तपासली तर बिनचूक. मात्र एकाच फोनच्या पोटात राहून त्यांची एकमेकांशी ओळख झालेली नव्हती.

हे तरी स्वस्तात निभावले म्हणावयाचे. २०२५ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एका साठ वर्षांच्या गृहस्थांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आहे. मिठाचे दुष्परिणाम वाचून आहारातून क्लोराइड हद्दपार करण्याचा निश्चय या गृहस्थांनी केला, चॅटजीपीटीचा सल्ला घेतला, आणि मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड मागवून तीन महिने खाल्ले. मग शेजारी आपल्यावर विषप्रयोग करीत आहे अशी तक्रार घेऊन ते रुग्णालयात हजर झाले. विष खरोखरच पोटात जात होते, फक्त आरोपी चुकला होता. त्यांचे मूळ संभाषण डॉक्टरांच्या हाती लागले नाही. परंतु डॉक्टरांनी स्वतः क्लोराइडच्या जागी काय चालेल असे विचारून पाहिले, तेव्हा उत्तरात ब्रोमाइडचे नाव आले, आणि हे आपणास कशासाठी हवे आहे, अशी पृच्छा यंत्राने केली नाही.

शेजारच्या चिरंजीवांना मातोश्रींनी अखेर ओढीतच पेठेतल्या जुन्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी अहवाल उलटा करून टेबलावर ठेवला, चिरंजीवांच्या दंडाकडे पाहिले आणि आपली ती नेहमीची असभ्य चौकशी केली: “काय रे, डब्यातलं काही घेतोस का?” चूर्ण बंद ठेवून, तपासणीच्या आदल्या दिवशी व्यायामाला सुट्टी देऊन, काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासण्याचा, आणि त्याच वेळी स्नायूंशी फारसा संबंध नसलेली सिस्टॅटिन-सी ही चाचणी करण्याचा हुकूम झाला. दोन्ही आकडे निर्मळ निघाले. घरात पेढे आले, आमटी पूर्ववत झाली, आणि डॉक्टरांनी सांगितले ते बरोबर होते काय, हे चिरंजीवांनी झोपण्यापूर्वी यंत्राला विचारून घेतले. प्रश्न अतिशय मार्मिक असल्याबद्दल यंत्राने प्रथम त्यांचे अभिनंदन केले आणि मग डॉक्टरांच्या निदानास आपली पूर्ण संमती दिली.