दोन्हीकडचे सेनापती आपणच
(एकट्याने टेबलावर युद्ध खेळू इच्छिणाऱ्या उपनगरवासीयांस नियमावली निवडण्याबाबत सूचना)

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथील ज्या रहिवाशांकडे फौज आहे पण शत्रू नाही, त्यांनी ही सूचना काळजीपूर्वक वाचावी. शत्रू का मिळत नाही हे सांगायला नको. मुलुंडच्या माणसाने बोरिवलीच्या माणसाशी लढायला जायचं म्हणजे दादरला गाडी बदलायची, छातीशी बुटांचा खोका धरायचा, आणि पोचेपर्यंत निम्म्या शिपायांचे भाले मोडलेले. त्यापेक्षा शत्रू घरातलाच बरा. घरातल्या इतर मंडळींना यात रस नसल्यामुळे तो शत्रूही आपणच व्हायचं.

खेळ तसा सोपा आहे. बोटभर उंचीचे शिपाई मांडायचे, मोजपट्टीने चालवायचे, फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. मराठी माणसाला यातलं निम्मं काम पाठ आहे. दरवर्षी दिवाळीला सोसायटीच्या आवारात दगडमातीचे किल्ले उभे राहतात, अळीव उगवून त्याचं रान होतं, मावळे जागोजाग पहाऱ्यावर लागतात. एवढी मोठी खडी फौज भाऊबीजेपर्यंत नुसती उभी राहते आणि एकही गोळी न झाडता माळ्यावर जाते. साहेबाला हे पाहवलं नसतं. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून मुलांच्या शिपायांना रीतसर कामाला लावलं. त्याआधी स्टीव्हन्सन, म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’वाले, डाव्होसला प्रकृतीसाठी राहिले असताना सावत्र मुलाबरोबर जमिनीवर अशाच लढाया खेळत. तेव्हा कुणी हसलं तर ही दोन नावं सांगावीत. हसणं थांबत नाही, पण विषय बदलतो.

आधी मोहीम ठरवा. नवखे लोक एकदम पानिपत काढतात. पानिपताला जागा लागते आणि शेवट सगळ्यांना माहीत असतो. उपनगरवाल्याने लांब जाण्याची गरजच नाही. आपण राहतो ते साष्टी बेट हीच मराठ्यांच्या पोर्तुगीजांवरच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेची रणभूमी आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३७ मध्ये ठाण्याचा कोट घेतला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे मुलुंडकरांना रणभूमी पाहायची झाल्यास ती बाहेरूनच पाहिलेली बरी. वेसाव्याचा किल्ला १७३९ च्या फेब्रुवारीत पडला. अंधेरीकर वर्सोव्याच्या जेट्टीवरून फेरीने मढला उतरला की तो जवळच आहे. बोरिवलीला मंडपेश्वराची लेणी आहेत, त्यांच्यावरच पोर्तुगीजांनी चर्च बांधलं होतं. घाटकोपरच्या वाट्याला या मोहिमेत नाव घेण्यासारखी लढाई आलेली नाही, पण घाटकोपरकरांनी वाईट वाटून घेऊ नये. रसद कुठून तरी जायलाच हवी, आणि मेट्रोने वर्सोवा तिथूनच गाठता येतं. शेवटी मे १७३९ मध्ये वसई. सुरुंग, खिंडार, हल्ला आणि मग तह. एकट्या माणसाला दोन पावसाळे पुरेल एवढा ऐवज आहे.

फौज शिशाची किंवा प्लास्टिकची परदेशातून मागवता येते, पण पार्सलाचा खर्च कळल्यावर घरात जी लढाई होते तिच्यासाठी अजून नियमावली निघालेली नाही. कागदी शिपाई जाड कागदावर छापून कापले तर स्वस्त पडतात. झेरॉक्सवाला ‘लग्नाचं आहे का?’ विचारतो, हो म्हणावं. फक्त पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात पंखा बंद ठेवून वसई लढणाऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेची कल्पना कोणत्याही ग्रंथापेक्षा चांगली येते. सर्वांत सोयीचे दिवाळीचे मातीचे मावळे. त्यांची एकच अडचण, त्यांना मापाचा पत्ता नाही. घोडेस्वार पायदळापेक्षा बुटका, वाघ घोड्याएवढा, आणि सिंहासनावर बसलेले महाराज उभ्या मावळ्याच्या दीडपट. गवळण, भाजीवाली आणि बैलगाडी यांना बुणगे समजून मागे ठेवावं. वाघ चिठ्ठीत (चिठ्ठ्यांचं पुढे येईलच) निघाला तरच सोडावा. पोर्तुगीज मात्र कुंभार करत नाहीत. त्यांच्यासाठी रबरी मिलिटरीवाले घ्यावेत आणि टोपीला लाल रंग मारावा.

रणांगण म्हणून कॅरम बोर्ड वापरावा. कित्येक मराठी घरांत तो कपाटामागे उभा असतोच. आतली जागा सुमारे ७४ सेंटिमीटर चौरस भरते, कडेला भिंत असल्यामुळे फासे घरंगळत नाहीत, आणि चार भोकांना विहिरी म्हणता येतं. आधी बोरिक पावडर नीट पुसून घ्यावी, नाहीतर घोडदळ थांबत नाही. इंग्रजी नियमावल्या इंचात बोलतात. एका इंचाला दोन सेंटिमीटर धरावेत, म्हणजे तीन फुटांचं मैदान ७२ सेंटिमीटरांत येतं आणि वसई थेट बोर्डात बसते.

आता मुख्य काम. बाजारात नियमावल्या रगड आहेत, पण जवळपास सगळ्या समोर कुणीतरी बसलेलं आहे असं धरून लिहिलेल्या. एकट्याच्या खेळात कोण जिंकलं याला फारसा अर्थ नाही. जिंकणारे आपणच, हरणारेही आपणच. नियमावलीकडून अपेक्षा एकच, की तिने आपला बेत आपल्यापासून लपवून ठेवावा. त्यातही आपण कितीही निःपक्ष असल्याचा आव आणला तरी मुलुंडच्या फ्लॅटमध्ये वसईचा किल्लेदार मनापासून खेळणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचा आहे. म्हणून कसोटी अशी लावावी: जिच्याखाली मराठे हरले आणि तरीही आपण तो निकाल वहीत लिहिला, ती नियमावली चांगली.

या कसोटीला खुद्द वेल्स नापास होतात. त्यांच्याकडे फासे नाहीत. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळी मारायची, पडेल तो मेला. पायदळ एका खेपेला एक फूट, घोडदळ दोन. पण नेम आपलाच असतो. एका बाजूची तोफ अचूक लागते आणि दुसऱ्या बाजूच्या वेळी हात का थरथरतो, याची चौकशी करू नये. शोकेसची काच हा वेगळा खर्च.

‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ ऊर्फ डीबीए (१९९०) जागेला लहान आहे. दर बाजूला बारा तुकड्या, साठ सेंटिमीटरचं मैदान, चार तुकड्या गेल्या की सामान्यतः खेळ खलास. आपल्या पाळीला एक फासा टाकायचा, पडेल तेवढ्या हालचाली. एक पडला तर अख्ख्या फौजेत एकच गट हलतो, बाकीचे पाहत बसतात. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना हे लगेच पटतं. एकट्याला हे फार उपयोगी, कारण बेत कितीही चोख असला तरी फासा तो पुरा होऊ देत नाही. दोष एवढाच की हिचा इतिहास साधारण १५०० सालाशी संपतो. मराठे बसत नाहीत. यादव घेऊन देवगिरी लढावी लागते आणि तिथेही समोर अलाउद्दीन.

नील थॉमस यांचं ‘वन-अवर वॉरगेम्स’ (२०१४) उपनगराला मानवतं. नावातच तासाची मुदत आहे, म्हणजे कूकरच्या शिट्ट्यांपर्यंत निकाल. दर बाजूला सहा तुकड्या, पंधरा मार खाल्ले की तुकडी उचलायची, आणि तीस तयार प्रसंग. कुणाला कोणती फौज मिळेल तेही फासाच सांगतो. इथे मनातला पक्षपात शिरायला फट कमी. तो शिरतो फक्त कुणाला आधी मारायचं हे ठरवताना.

खास एकट्यांसाठी लिहिलेल्यांत ‘रेंजर्स ऑफ शॅडो डीप’ (२०१८) नावाजलेली. तिच्यात राक्षस कुणाकडे जाणार हे ठरलेलं असतं, विचार करण्याची त्यांना मुभाच नाही. पोर्तुगीजांना ती पद्धत लावली तर सगळे ओळीने भोकात पडतात. ‘चेन रिअ‍ॅक्शन’ची तऱ्हा उलटी. शिपाई नजरेस पडला, गोळी सुटली, शेजारचा पडला, की प्रत्येकाने फासा टाकायचा आणि तो उभा राहील, लपेल की पळेल ते कोष्टक सांगणार. सेनापती हुकूम देतो आणि माणसं आपल्या मनासारखं करतात. ज्यांनी सोसायटीचं सेक्रेटरीपद भूषवलं आहे त्यांना यात काही नवीन नाही.

आणि मग डोनाल्ड फेदरस्टोन. पेशाने फिजिओथेरपिस्ट, साउदॅम्प्टनच्या फुटबॉल संघाचे पाय चोळता चोळता त्यांनी युद्धखेळांवर पुस्तकांची रास घातली. १९७३ साली त्यांनी ‘सोलो वॉरगेमिंग’ हे एकट्यांसाठीचं स्वतंत्र पुस्तक काढलं. त्यांच्या काळात काडेपेट्या चिकटवून नकाशा करत. नकाशाचा एक चौकोन म्हणजे एक काडेपेटी, कोणती तुकडी कुठे आहे ते आत. लायटर आल्यापासून आपल्याकडे काडेपेटी फक्त देवघरात उरली आहे. ती न विचारता घेऊ नये.

याच वळणाची, घरी जमणारी युक्ती म्हणजे किल्लेदाराच्या चिठ्ठ्या. दर फेरीला स्टीलच्या डब्यातून एक चिठ्ठी काढायची आणि शत्रू तेच करणार. तट धरून बसणे, रात्री बाहेर पडून मोर्चे उधळणे, खाडीतून रसद आणणे, तहाची बोलणी लावून वेळ काढणे, सगळ्या तोफा एका बुरुजावर नेणे, अशा पाच झाल्या. सहावी आणि शक्य तर सगळ्याच घरातल्या दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्याव्यात. आजी असल्यास उत्तम. ‘शत्रू किल्ल्यात अडकलाय, आता तो काय करेल?’ एवढंच विचारावं. आजी चष्मा लावतात, पेन झटकतात, आणि चिठ्ठी घडी घालून डब्यात टाकतात. ऐन खिंडार पडल्यावर ती निघते: ‘आधी जेवून घ्या, मग बघू.’ इथे चिडू नये. एक फेरी दोन्हीकडून गोळीबार बंद, आणि पोर्तुगीजांचे पडलेले दोन शिपाई परत उभे. कुठल्याही इंग्रजी कोष्टकाला एवढा बेभरवशाचा किल्लेदार जमलेला नाही.

फाशाबद्दलही एक सुधारणा सुचवावीशी वाटते. ल्युडोच्या फाशावर एक, तीन आणि सहा सारख्याच वेळा येतात, म्हणजे कवायती पलटण आणि काल भरती झालेला पोरगा यांच्यात फरक राहत नाही. इंग्लंडातल्या जुन्या नियमावल्यांनी यावर २, ३, ३, ४, ४, ५ असा वेगळा फासा काढला होता आणि तो कवायती फौजेला देत. आपल्याकडे कवड्या आहेत. सहा कवड्या टाकून उताण्या मोजाव्यात. चौसष्ट तऱ्हांपैकी वीस तऱ्हांत तीन पडतात. सहाच्या सहा उताण्या किंवा सगळ्या पालथ्या फक्त एकेका तऱ्हेत. खरी कवडी एका अंगाला थोडी जास्त कलते, पण पलटणीही कलतातच. किल्ल्यातल्या पोर्तुगीजांना कवड्या द्याव्यात आणि शिड्या लावणाऱ्या मावळ्यांना फासा. हल्ला किती अंगावर येतो ते पहिल्याच फेरीत समजतं.

फासा कॉटखाली गेला तर? सर्व नियमावल्या याबाबत मूग गिळून बसल्या आहेत, आणि एकट्याच्या खेळातली निम्मी लबाडी इथेच घडते. मराठ्यांचा सहा कॉटखाली पडला तर आपण मोबाइलचा टॉर्च लावून, पोटावर झोपून, ‘सहाच आहे’ असं मोठ्याने म्हणतो. एक पडला असला तर ‘धरत नाही’ म्हणून झाडूने बाहेर काढतो. सबब नियम असा: कॉटखालचा फासा धरायचा, पण तो वाचायचा मात्र केर काढायला येणाऱ्या मावशींनी. त्यांना साष्टीच्या मोहिमेशी काही देणंघेणं नाही. त्या ‘दोन’ म्हणाल्या की दोन. हुज्जत घातल्यास त्या सगळ्या फौजेसकट उरलेले फासेही सुपलीत भरतात, आणि त्या निकालावर अपील नाही.

राहिली गोव्याहून येणारी कुमक. इतिहासात १७३९ मध्ये व्यंकटराव घोरपड्यांनी गोव्यावरच चाल करून पोर्तुगीजांचे हात बांधून ठेवले आणि वसई एकटी पडली. पण खेळात शत्रूला आशा ठेवावी लागते, नाहीतर तो दुसऱ्याच फेरीत तह करतो आणि दुपार मोकळी पडते. म्हणून दर फेरीला पोर्तुगीजांसाठी एक फासा. सहा पडला तर जहाजं निघाली. पोचायला आणखी एकदा सहा. खेळ रविवारी असेल आणि त्या दिवशी मेगाब्लॉक जाहीर झाला असेल, तर दोन्ही वेळा एक वजा करावा. यावर कुणी म्हणेल की मग सहा येणारच नाही. येणार नाहीच, पण हे पोर्तुगीजांना कळता कामा नये.