दहाचा पाना आणि इतर तक्रारी

अप्रेंटिस कायदा १९६१चा. शिकाऊ उमेदवाराच्या कामाची रोज नोंद व्हावी, अशी अपेक्षा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर होड्या आणि त्यांची आऊटबोर्ड इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात मी उमेदवारी करतो, आणि वही नेमाने लिहितो. ‘आज केलेले काम’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘टॉर्च धरला’ असं येतं.

टॉर्च धरणं सोपं असतं, असं न धरलेल्यांना वाटतं. मिस्त्रींना उजेड जिथे हवा असतो, नेमकं तिथेच त्यांचं डोकं असतं. सावली पडली की ती माझी चूक असते. जागा बदलून उजेड दिला, तर मी हललो ही चूक असते.

दुसरी तक्रार दहाच्या पान्याची. इंजिनाच्या वरच्या भागातले निम्मेअधिक बोल्ट दहाच्या पान्याचे, त्यामुळे “धाचो पानो दी” ही हाक दिवसभर चालू. पेटीत आठचा असतो, बाराचा असतो, कुठल्याही होडीत न लागणारा एकवीसचा तर दोनदा असतो. दहाचा मिस्त्रींच्या मागच्या खिशात असतो. हे सांगायचं नसतं. शोधायचं असतं.

मी इथे इंजिन उघडायला आलो होतो. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर-खाली होताना पोर्ट कसे उघडतात-मिटतात, हे मला झोपेतही सांगता येतं. अजून कोणी विचारलेलं नाही. कारण बिघाड इंजिनात नसतोच. तांडेल येतात आणि म्हणतात, “काल सांजेपर्यंत बरा चलत होता.” यार्डात आलेलं प्रत्येक इंजिन काल सांजेपर्यंत बरं चाललेलं असतं. दहा मिनिटं चालून बंद पडतं म्हणावं, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आवळलेला. पेट्रोल बाहेर गेलं, तेवढी हवा आत यायला वाटच नाही. सुरूच होत नाही म्हणावं, तर बंद करायच्या बटणाची लाल दोरी जागेवर नाही. एकदा ती तांडेलांच्या घराच्या किल्ल्यांना सापडली. आणि पेट्रोलच्या नळीतला रबरी गोळा कितीही दाबला तरी कडक होत नसेल, तर त्याच्यावरचा बाण बघायचा. तो इंजिनाकडे हवा. काहीजण तो टाकीकडे करून बसवतात आणि मग इंजिनाच्या कंपनीला शिव्या देतात.

क्वचित खरंच उघडायची वेळ येते. लोअर युनिट उतरवून पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर बदलायचं. वाळूच्या किनाऱ्यावर होडी लावणाऱ्यांची पाती लवकर झिजतात, म्हणून हे काम नेहमीचं. इम्पेलर बदलायला थोडाच वेळ लागतो. त्याच्यापर्यंत पोचायला मात्र सगळी दुपार. अॅल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा बोल्ट आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे अॅल्युमिनियम हळूहळू खाल्लं जाणार आणि त्याची पांढरी पूड बोल्टला धरून बसणार. जोर कमी लावला तर बोल्ट हलत नाही, जास्त लावला तर डोकं तुटून हातात येतं. समुद्रातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात घालून चालवा, असं सुचवलं की उत्तर ठरलेलं: “पावसात धुवन निघता मा!” पाऊस इंजिनाच्या बाहेर पडतो आणि मीठ इंजिनाच्या आत असतं, हा तपशील अजून कोणालाही पटलेला नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. इंजिनाची सगळी कामं निवांत करून घ्यायला याहून चांगला काळ नाही, म्हणून त्या काळात एकही इंजिन येत नाही. ती घरी, कार्ब्युरेटरमधल्या उरल्यासुरल्या पेट्रोलसकट झोपलेली असतात. पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो, जेटची भोकं बुजतात. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि इथेनॉलला कोकणातली दमट हवा फार आवडते. मग जुलैच्या शेवटच्या दिवशी सगळी इंजिनं एकदम येतात. सगळ्यांना उद्या जायचं असतं. सगळी मे महिन्यात बरी चालत होती.

राहता राहिली शिअर पिन. लहान इंजिनाच्या पंख्यात मुद्दाम कमकुवत ठेवलेली ही बारीक पिन असते. पंखा खडकावर आपटला की ती मोडते, आणि आतले महागडे गिअर वाचतात. मोडणं हेच तिचं काम. पुष्कळजण तिच्या जागी खिळा ठोकतात. खिळा दणकट असल्याने मोडत नाही, त्याच्याऐवजी गिअर मोडतात, आणि मग तांडेल अभिमानाने दाखवतात, “खिळो बघ, कसो शाबूत आसा.”

यार्डात तांडेल आणि मिस्त्री यांच्यामधली पिन मी आहे. इंजिन उशिरा मिळालं, बिल जास्त झालं, पार्ट आला नाही, की तांडेल आपटतात, मी मोडतो आणि मिस्त्री शाबूत राहतात. फरक एवढाच, की मोडलेली पिन दुसऱ्या दिवशी कोणी परत बसवत नाही.