बोर्ड गेला, विंडोजही गेलं

रॅम वाढवा, काही होत नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, ग्राफिक्स कार्ड बदला, विंडोज सहसा कुरकुरत नाही. मदरबोर्ड बदला, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात करड्या अक्षरांत हुकूम उमटतो: विंडोज ऍक्टिव्हेट करा.

पैसे भरले होते ना? भरले होते.

कशाचे भरले होते, ते मात्र विकताना कुणी सांगितलं नव्हतं.

हा प्रश्न आता घरोघरी येतो आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. २०१६ सालचा धडधाकट पीसी या चाळणीतून खाली पडतो. कॅबिनेट शाबूत, एसएमपीएस शाबूत, मॉनिटर उत्तम. शहाणा माणूस काय करेल? बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलेल, बाकीचं वापरत राहील.

पैसे वाचले, कचरा वाचला. आणि नेमकं याच माणसाला विंडोज पुन्हा विकत घ्यायला सांगितलं जातं.

नियम असा आहे. दुकानातून वेगळं घेतलेलं, म्हणजे रिटेल, लायसन्स तुमच्यासोबत येतं. जुन्या मशीनवरून काढा, नव्यावर टाका. एका वेळी एकच मशीन. पीसीसोबत आलेलं, म्हणजे ओईएम, लायसन्स त्या मशीनला जखडलेलं. मशीन विकलंत तर ते विकत घेणाऱ्याकडे जाईल. तुमच्या नव्या मशीनवर येणार नाही.

आणि मशीन म्हणजे नेमकं काय?

मेख इथे आहे. प्रोसेसर बदलता येतो, डिस्क बदलता येते, कॅबिनेट तर नुसता पत्रा. म्हणून मायक्रोसॉफ्टने ठरवून टाकलं की मशीन म्हणजे मदरबोर्ड. तो बिघडला म्हणून बदलावा लागला तर लायसन्स जिवंत. जास्त चांगला हवा म्हणून बदललात तर तो नवा पीसी, आणि नव्या पीसीला नवं लायसन्स. बोर्ड जळाला तर माफी, सुधारला तर दंड.

मिक्सरची मोटर नवी बसवली म्हणून चटणीचं भांडं कुणी परत विकत घ्यायला लावतं का?

हे पहिल्यापासून असं नव्हतं. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि त्याच्यासोबत घरगुती ग्राहकाच्या मानेवर ऍक्टिव्हेशन बसलं. प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क कार्ड अशा दहा भागांवरून मशीनचा ठसा घ्यायचा, आणि भाग मर्यादेबाहेर बदलले की पुन्हा परवानगी मागायला लावायची. कारण सांगितलं ते चोरी रोखण्याचं. कारण खोटं नव्हतं, चोरी होत होतीच. पण थांबली का? ‘विंडोज टाकून देतो’ म्हणणारा २००१ नंतरही खिशात पेनड्राइव्ह घालून येतच राहिला. त्याच्या विंडोजला बोर्ड बदलल्याचं सुखदुःख नसतं.

अडतो तो पावती जपून ठेवणारा.

२००६ मध्ये तर व्हिस्टाच्या करारात रिटेल लायसन्ससुद्धा एकदाच हलवता येईल असं कलम आलं. ऑक्टोबर महिना होता. स्वतःचा पीसी स्वतः जोडणारे खवळले, उघड बोलले, सतत बोलले. नोव्हेंबर उजाडला आणि कलम बदललं: जुन्यावरून काढत असाल तर हवं तितक्या वेळा हलवा. ज्या कंपनीने वाक्य लिहिलं, तिनेच काही आठवड्यांत ते खोडलं.

मग ओईएमचं वाक्य खोडता येणार नाही असं कुणी ठरवलं?

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून कंपन्यांच्या तयार पीसींत लायसन्सची की थेट बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये येऊ लागली. त्याआधी निदान कॅबिनेटवर स्टिकर असायचा, पंचवीस अक्षरं डोळ्यांनी वाचता यायची. आता बोर्ड भंगारवाल्याकडे गेला की कीसुद्धा गेली.

जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आलं, जुनं विंडोज ७ किंवा ८.१ असणाऱ्यांना पहिलं वर्षभर फुकट. कीच्या जागी डिजिटल लायसन्स आलं. पण फुकट आलेलं हे लायसन्स खालच्या मूळ विंडोजचं नशीब घेऊन आलं. मूळ विंडोज ७ ओईएम असेल, तर वरचं विंडोज १०सुद्धा त्याच मशीनला बांधलेलं.

खरा सापळा पुढे आहे. जाणता मित्र सांगतो, एसएलएमजीआर कमांड चालव, प्रकार कळेल. चालवली, आणि फुकट अपग्रेड झालेल्या मशीनवरही बऱ्याचदा ‘रिटेल’ दिसतं. जीव भांड्यात पडतो, माणूस बोर्ड घेऊन येतो. पण त्याआधी कीची शेवटची पाच अक्षरं पाहा. विंडोज प्रोवर ३व्ही६६टी किंवा विंडोज होमवर ८एचव्हीएक्स७ असेल, तर ती असंख्य मशीनवर असलेली सामाईक की आहे. तिच्यावरून तुमच्या हक्काचं काहीच सिद्ध होत नाही.

पीसी दुरुस्त करण्यात हयात घालवलेले लोकही इथे फसतात. सामान्य ग्राहकाने कुठून ओळखायचं?

आता कराकडे वळू. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं की सीडीवर विकलं जाणारं तयार सॉफ्टवेअर हा माल आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो. आज सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी आहे. कर भरताना मी मालाचा खरेदीदार. तोच माल दुसऱ्या बोर्डावर न्यायचा म्हटलं की मी फक्त वापरायची परवानगी मिळालेला कुणीतरी.

दोन्ही कसं चालेल?

जर्मनीत हे चाललं नाही. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० मध्येच मायक्रोसॉफ्टच्या विरोधात निकाल दिला: एकदा बाजारात आलेली ओईएम प्रत पीसीशिवायही पुढे विकता येते. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात डाउनलोड केलेली प्रतही पुढे विकता येईल असं ठरवलं. अट एवढीच की विकणाऱ्याने स्वतःची प्रत बंद करायची. रास्त अट आहे. एक प्रत, एक मशीन, पण मशीन कोणतं ते मालक ठरवणार. म्युनिकच्या ग्राहकाला जे मिळालं ते मिरजेच्या ग्राहकाला का मिळू नये?

ओईएम स्वस्त असतं म्हणून बांधलेलं असतं, असा युक्तिवाद होतो. मान्य. पण स्वस्ताच्या सौद्यातली अट दोन्ही बाजूंना ठाऊक हवी. एकालाच ठाऊक असेल तर तो सौदा कसला?

ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणारी की हा यावरचा उपाय नव्हे. त्यातल्या कित्येक, कंपन्यांना घाऊक दिलेल्या करारांतून बाहेर पडलेल्या असतात. आज चालते, एक दिवस बंद पडते, आणि विकणारा तोवर नाव बदलून बसलेला असतो. या बाजाराला गिऱ्हाईक कोण पुरवतं? एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मागणारा नियम.

तोवर करायचं काय? बोर्ड उचकटण्याआधी सेटिंग्जमधलं ऍक्टिव्हेशन उघडा. लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेलं आहे, असं तिथे स्पष्ट दिसायला हवं. नसेल तर आधी जोडा. ऑगस्ट २०१६ पासून ही सोय आहे. पीसीला ओळखू येईल असं नाव द्या, नाहीतर पुढे यादीत ‘डेस्कटॉप’ आणि त्यापुढे अगम्य अक्षरं असलेली तीन-चार नावं बघून घाम फुटतो. नवा बोर्ड बसला की तिथेच ट्रबलशूटरमध्ये अलीकडे हार्डवेअर बदलल्याचा पर्याय असतो. तो निवडा, जुन्या मशीनचं नाव निवडा. होमचं लायसन्स प्रोवर चालणार नाही, आणि असं वारंवार करायला मर्यादा आहे.

रिटेलवाल्याचं काम इथे बहुधा होतं. ओईएमवाल्याचं झालं तरी तो करारातला हक्क नव्हे.

आणि लायसन्सपेक्षा मोठी गोष्ट. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप लागलेलं असेल, तर नव्या बोर्डावर डिस्क ४८ अंकी रिकव्हरी की मागते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये डिस्कला कुलूप बऱ्याच मशीनवर आपोआप लागतं. मालकाला पत्ताही नसतो. की आधी कागदावर लिहून ठेवा. विंडोज पुन्हा विकत मिळेल. मुलीचे लहानपणापासूनचे फोटो कुठे विकत मिळतील?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वस्तूचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क देतो. लायसन्स बोर्डाबरोबर संपतं, हे त्या माहितीत यायला नको का? कंपनीने खोक्यावर मराठीत छापावं, दुकानदाराने बिलावर लिहावं. एका ओळीचं काम आहे.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याचं दुकान, पीसी घेताना काउंटरवर विचारा: विंडोज रिटेल की ओईएम? आणि म्हणा, बिलावर लिहून द्या. ‘असं कुणी विचारत नाही हो,’ असं उत्तर येईल.

पैसे देण्याआधी पुन्हा विचारा.