तलाव झाडणारी म्हैस: निवड, निगा आणि दावण

पोहण्याचा तलाव आपोआप झाडणारा रोबोट घेण्यापूर्वी पोहण्याचा तलाव असावा. कंपन्यांची माहितीपत्रके हे गृहीतच धरतात. सोलापूरकराने धरू नये. तलाव असल्यास त्यात पाणी असावे. पाणी असल्यास ते पुढच्या आठवड्यातही असेल अशी निदान अफवा तरी असावी. एवढ्या अटी पुऱ्या होत असतील तर पुढे वाचावे. बाकीच्यांनी आधी नळाला पाणी आले का ते बघून यावे, हे मार्गदर्शन कुठे जात नाही.

हिशेब करून ठेवावा. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल असा लहानसा तलाव धरला तरी त्यात ४०,००० लिटर पाणी बसते. म्हणजे दहा हजारी टँकरच्या ४ खेपा. हे नुसते भरण्याचे. मे महिन्यात पारा ४४ वर गेला की उघड्या पाण्याचा सेंटीमीटरभर थर रोज उडून जातो. आपल्या तलावाचे ३२० लिटर झाले, दीड बॅरलहून जास्त, आणि तेही कुणाच्या अंगाला न लागता. ज्या घरात चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येते, आणि आले की हौद, बॅरल, घागरी भरून झाल्यावर चहाची पातेलीही रांगेत उभी राहतात, त्या घरातल्या माणसाला हा आकडा एकदम सांगू नये. आधी खाली बसवावे.

आमच्या दाजींना मात्र हे सांगायला मी उशिरा पोहोचलो. अक्कलकोट रस्त्याला आत त्यांची डाळिंबाची बाग. तेल्या रोगाने निम्मी बाग गेली, तेव्हा त्या रिकाम्या जागेत त्यांनी दोन खोल्या, एक पत्र्याचे मोठे शेड आणि निळ्या फरशीचा तलाव बांधला. थंडीत हुरडा पार्ट्या, लग्नसराईत हळदी, उन्हाळ्यात शहरातली तापलेली कुटुंबे. धंदा बरा चालला. तलाव साफ करायला शेतावरचे अप्पा होते. लांब दांड्याची जाळी घेऊन ते पहाटे काठाने फिरत. मग पुण्याला आयटीत असलेला आमचा भाचा दिवाळीला आला आणि गाडीच्या डिकीतून त्याने एक खोके उतरवले. अप्पांनी ते उघडलेले पाहिले आणि विचारले, "ह्याला चारा काय घालायचा?"

प्रश्न बरोबर होता. या वस्तूकडे यंत्र म्हणून पाहिले की माणूस फसतो. जनावर म्हणून पाहावे.

गड्ड्याच्या यात्रेत भरणाऱ्या जनावरांच्या बाजारात ज्याने एकदा म्हैस पारखली आहे, त्याला रोबोट निवडण्याचे वेगळे शिक्षण लागत नाही. किंमतही त्याच पट्टीतली. पन्नास-साठ हजारांपासून सुरुवात होते आणि दोन-तीन लाखांपर्यंत जाते. मधल्या भावात चांगली लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस दावणीला येते. ती दूध देते. रोबोट देत नाही. हा एक दोष मान्य करून पुढे जावे.

प्रथम पाय बघावेत. काहींना चाके असतात, काहींना रणगाड्यासारखे पट्टे. गुळगुळीत फरशीवर पट्टे किंवा मऊ स्पंजाचे ब्रश चांगले धरतात. चाकांचा रोबोट भिंत चढताना घसरला की पाठीवर पडून पाय हलवत राहतो. पोटात एक मोटर असते. ती खालून पाणी ओढते, जाळीतून गाळते आणि पाठीवरून वर फेकते. वर फेकल्यामुळे यंत्र तळाला दाबले जाते आणि भिंतीलाही चिकटते. यात जादू कसली नाही, पण भिंतीवर चढणारी म्हैस पहिल्यांदा पाहताना अप्पांनी टोपी काढली होती. या जातीतला मोठा वंश इस्रायलमधल्या यिझ्रेल नावाच्या किबुत्झचा, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीचा. तिथे १९८३ साली मेट्रॉनिक्स कंपनी निघाली आणि तिने रोबोटाला डॉल्फिन नाव दिले. शेतकऱ्यांच्या वस्तीतून आलेली वस्तू आहे म्हटल्यावर दाजींचा राग थोडा निवळला.

मग पोट बघावे. गाळ साठण्याची टोपली वरून उघडणारी असावी. पोटाखालून पिशवी सोडायची असेल तर दर वेळी म्हैस उताणी करावी लागते आणि निम्मा गाळ आपल्या पायांवर येतो. जाळी किती बारीक, हे विक्रेत्याला जरूर विचारावे. तो "पन्नास मायक्रॉन" असे काहीतरी रुबाबात सांगेल. मान हलवावी, पण भुलू नये. आपली माती काळी. तिच्यातला चिकण कण २ मायक्रॉनहूनही बारीक असतो. वावटळीतून आलेली अशी धूळ तलावात बसली की रोबोट ती पुढून खातो आणि मागून सोडतो, आणि तीन तासांनी पाणी चहासारखे होते. यावर उपाय आजीचाच: तुरटी फिरवावी, रात्रभर पाणी निवळू द्यावे, तळाशी बसलेला साका सकाळी हळूच पाइपाने काढून घ्यावा आणि मगच जनावर पाण्यात सोडावे. म्हणजे पन्नास हजारांच्या वस्तूला आधी दहा रुपयांची तुरटी लागते. माहितीपत्रकात हे सापडणार नाही.

शेवटी दावे. दाव्याचा रोबोट पंधरा-अठरा मीटर तरंगत्या केबलला बांधलेला असतो. मोकळा रोबोट बॅटरीवर चालतो. दाव्याच्या जातीत केबलला पीळ बसतो, म्हणून फिरती कडी असलेला घ्यावा आणि अधूनमधून केबल उन्हात सरळ पसरून ठेवावी. मोकळी जात दिसायला ऐटबाज, पण बॅटरी संपली की तळाशी बसून राहते. मग आकडी लावलेला बांबू शोधा. दाजींनी दाव्याचाच ठेवला. त्यांचे म्हणणे, मोकळे सोडलेले जनावर शेजाऱ्याच्या कडवळात जातेच.

निवड करताना जुने पर्यायही तोलून बघणे योग्य. आपल्याकडे विहिरीत कासव सोडत. ते पडलेली किडामुंगी खात असे, लाईट मागत नसे आणि दोन पिढ्या टिकत असे. आरोग्य खात्याचे गप्पी मासेही डासांच्या अळ्या खाण्याचे काम चोख करतात. मात्र क्लोरीनच्या पाण्यात दोघांचेही हाल होतील, म्हणून हा पर्याय नाइलाजाने बाद करावा लागतो. पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकललेल्या आमच्या पिढीला एकच गोष्ट समजत नाही: शेवाळ असलेल्या पाण्यात पोहणे आम्ही शिकलो, मग या निळ्या पाण्यात पानभर कचरा दिसला की लोक पैसे परत का मागतात?

आता लाईट. ट्रान्सफॉर्मरचा डबा तलावापासून किमान ३ मीटर दूर, सावलीत ठेवावा. तो घरातला दाब उतरवून रोबोटला ३० व्होल्टच्या आतली वीज देतो. म्हणून डब्यापुढची केबल सुरक्षित, पण डब्यापर्यंत येणारी वायर तशी नाही. ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, बसवलेला असावाच. रोबोट पाण्यात असताना माणसाने पाण्यात उतरू नये. अर्थिंग तपासावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्यात मीठ टाकून बादलीभर पाणी घालावे लागते. पाणी साफ करण्याच्या वस्तूसाठी पाणी, आणि त्या पाण्यासाठी विजेचे बोअर. वस्तीवर शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. म्हणून दाजींचा रोबोट दर दुसऱ्या आठवड्याला रात्री अडीचला, अप्पा डाळिंबाला पाणी द्यायला उठतात त्याच वेळी कामाला लागतो. दोघे एकाच पाळीचे. अप्पा बॅटरीच्या उजेडात त्याच्याशी बोलतात असे ताई सांगते.

काम संपल्यावर टोपली लगेच धुवावी. कोरडी पडली तर जाळी बुजते. टोपलीत काय सापडते यावरून आदल्या दिवशीचे गिऱ्हाईक ओळखता येते, हा माझा स्वतःचा शोध आहे. कडुलिंबाची फुले ही कुणाचीच नव्हेत, ती वाऱ्याची. शेंगांची टरफले आणि भाजक्या ज्वारीचे दाणे म्हणजे हुरडा. टिकल्या, एक जोडवे, केसांच्या पिना म्हणजे भिशीचे मंडळ. गुटख्याच्या पुड्या कुणाच्या हे सापडलेले नाही. त्या बाबतीत सगळी सभ्य माणसे आली होती. केसांचे तेल मात्र टोपलीत येत नाही. ते वर तरंगते, आणि रोबोट खाली शोधतो.

हळदीच्या कार्यक्रमावर स्वतंत्र प्रकरण लिहायला हवे. फार्महाऊसवरची हळद आता पाटावर लागत नाही. नवरदेवाला मित्र उचलून तलावात टाकतात आणि मागून स्वतः पडतात. पहिल्या हळदीच्या दुसऱ्या दिवशी तलाव वरणासारखा पिवळा झाला होता. रोबोट फिरला, टोपली रिकामी आली. हळदीचा रंग जाळीला सापडत नाही. अप्पांनी घाबरून काठाने ब्लीचिंग पावडर ओतली, भरपूर. जिथे जिथे ती पडली तिथे पिवळे पाणी लाल झाले. अप्पांनी हात जोडले. घाबरण्याचे काही नव्हते: हळदीला चुन्यासारखी क्षारता मिळाली की ती लाल होते, आणि आपल्याच पंढरपुरात याच गुणावर पिढ्यान्‌पिढ्या कुंकू बनत आले आहे. ब्लीचिंग पावडर क्षारयुक्त, बोअरचे पाणी आधीच जड, मग दुसरे काय होणार? पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ राखावा असे शास्त्र सांगते. त्यासाठी बाजारात पट्ट्या मिळतात. आमच्याकडे वऱ्हाड मिळते. बाकी हळदीचा रंग उन्हाने आणि क्लोरीनने दोन-तीन दिवसांत आपोआप उडाला. त्या दोन-तीन दिवसांत आलेल्या एका कुटुंबाला दाजींनी "आयुर्वेदिक" असे सांगितले, तेवढे मात्र करू नये.

इथवर थट्टा झाली. एक गोष्ट त्या रोबोटाच्या बाजूने खरीच सांगायला हवी, कारण ती सांगितली नाही तर भाचा माझ्याशी बोलणार नाही. एरवी तलावाचा कचरा पंपाने ओढून वाळूच्या फिल्टरमध्ये अडवतात. तो फिल्टर तुंबला की पाणी उलटे सोडून धुवावा लागतो, आणि चार-पाच मिनिटांच्या त्या धुण्यात सहा-सातशे लिटर पाणी थेट गटारात जाते. रोबोटचा गाळ त्याच्याच टोपलीत राहतो. मग वाळूचा फिल्टर कमी वेळा तुंबतो, आणि टोपली धुवायला एक बादली पुरते. उजनी धरणाचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून आणणाऱ्या शहरात सहाशे लिटर म्हणजे दोन-तीन घरांचा दिवस. त्यामुळे तलाव ठेवायचाच असेल तर रोबोट ही उधळपट्टी नव्हे, उधळपट्टीतली काटकसर आहे. तलाव ठेवायचाच का, हा प्रश्न या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा आहे, आणि तो दाजींना विचारायला ताई पुरेशी आहे.

जाता जाता टॉवेल. सोलापूरचा टेरी टॉवेल परदेशी जातो; इथल्या चादरीप्रमाणे त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. पोहून वर आल्यावर अंग पुसण्याच्या बाबतीत जगात आपला हात धरणारे फार नाहीत. त्याआधीची पायरी तेवढी कमी पडते.

उन्हाळ्यातली निगा. उजनीचा हिशेब ज्याला कळतो त्याला ही पायरी सोपी जाईल. ११७ टीएमसीच्या त्या धरणात ६३ टीएमसी मृतसाठा आहे; पाणी त्याच्या खाली उतरले की टक्केवारी उणे मोजतात, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ६० च्या जवळ गेली होती. रोबोटलाही असाच मृतसाठा असतो. ठरावीक खोलीच्या खाली त्याची मोटर हवा ओढू लागते आणि जळते, म्हणून त्या पातळीला भिंतीवर खूण करून ठेवावी. दाजींनी तेलाच्या रंगाने लाल रेघ मारली आहे.

गेल्या मे महिन्यात बोअर आटले. टँकरवाला चार खेपांचे आधी रोख मागू लागला आणि उरलेल्या डाळिंबाला कळी लागली होती. दाजींनी एक रात्र विचार केला. सकाळी तलावात पंप टाकला आणि पाणी ठिबकला जोडले. क्लोरीन उडून जावे म्हणून आठ दिवस आधीपासूनच पावडर बंद केली होती, म्हणजे विचार एका रात्रीतला नव्हता. दुपारी अप्पा ओसरीशी येऊन म्हणाले, "मालक, तलाव मायनसात गेला." रेघेखाली फूटभर निळी फरशी उघडी पडली होती आणि तिच्यावर रोबोट, दाव्यासकट, तिरका बसला होता. त्याला बाहेर काढायचे कुणाच्या लक्षात आले नव्हते.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पुण्याहून भाचा.

"मामा, मला ॲपवर मेसेज आलाय. रोबोट म्हणतोय, मी पाण्याबाहेर आहे."

"त्याला म्हणावं, घागर घे आणि रांगेत उभा राहा," मी म्हणालो. "आपला नंबर गुरुवारी आहे."